बारा सांगितले, चार लिहिले

मोरेश्वर घरत गेला तेव्हा आख्ख्या पनवेलात लाईट होती. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण त्याला विचारलं असतं तर स्वतःच्या मरणाच्या बातमीतही त्याने हेच पहिलं घालायला लावलं असतं. मे महिना, दुपारचे साडेतीन. डांबर असं वितळलेलं की माझ्या बर्फाच्या टेम्पोची चाकं रस्त्याला चिकटली होती आणि ड्रायव्हर खाली उतरून ती सुरीने सोडवत होता… बरं, सुरी नव्हती; पण डांबर वितळलं होतं. अशा दुपारी सगळ्यांचे पंखे फिरत होते. मी कारखान्यात कॉम्प्रेसरजवळ उभा असताना त्याच्या बायकोचा, सुशीलावहिनीचा फोन आला. "भावोजी, हे उठत नायत." माझ्या तोंडून निघून गेलं, "लाईट गेली का?" त्या घरातून गेल्या वीस वर्षांत मला आलेला प्रत्येक फोन विजेबद्दलच होता. वहिनी म्हणाल्या, "लाईट हाय, भावोजी. हे गेले."

मी पोहोचलो तेव्हा त्याच्या खोलीतला पंखा पाचावर फिरत होता. मोरूने जन्मात पंखा पाचावर लावला नव्हता. नंतर कळलं, तो झोपला तेव्हा दोनावरच होता. जमलेल्यांपैकी कोणीतरी तो वाढवला. मी उठून परत दोनावर केला. लोकांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं.

स्मृतिलेखातल्या माणसाने लहानपणी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेला असावा लागतो, अशी रीत आहे. मोरूने केला नाही. त्याने आमच्या बर्फाच्या कारखान्यातल्या शंभराच्या बल्बखाली केला. त्याच्या बापाचं मिठागर होतं आणि बर्फाच्या टाकीत खारं पाणी लागतं, म्हणून ते मीठ आमच्याकडे यायचं आणि मिठाच्या गोणींबरोबर मोरू यायचा. त्याच्या गावात तेव्हा वीज म्हणजे पाहुणी होती, कधी यायची कधी नाही. आमच्याकडे मात्र रात्रंदिवस, नाहीतर लाद्या वितळायच्या. कॉम्प्रेसरच्या धडधडीत बसून तो गणितं सोडवायचा. एका जानेवारीत माझे वडील नवी टाकी बांधत होते, थंडीने माणसं कुडकुडत होती आणि बर्फाला कुत्रं विचारत नव्हतं. मोरू म्हणाला, "काका, आता कशाला कारखाना मोठा करता? आता कोण बर्फ घेतो?" वडील म्हणाले, "अरं येड्या, उन्हाळ्यात लोक दारात उभे रातील तवा टाकी बांधू काय? ज्याला उन्हाळ्यात बर्फ विकायचा, त्यानं थंडीतच घाबरायचं."

हे वाक्य त्याने आयुष्यभर वापरलं. पुढे तो इंजिनियर झाला, वीज कंपनीत लागला आणि नियोजनाच्या टेबलावर बसला. पाच वर्षांनी, संध्याकाळी सात वाजता, पनवेलपासून आपट्यापर्यंतची सगळी माणसं घरी येऊन एकाच वेळी बटणं दाबतील तेव्हा किती वीज लागेल, हे आज सांगायचं, हे त्याचं काम. आज लाईट गेली तर हजार माणसं फोन करतात. पाच वर्षांनंतरची लाईट आजच गेलेली असते, तिच्याबद्दल कोणी फोन करत नाही. मोरूला तेवढा एकच फोन ऐकू यायचा, आणि तो सारखा वाजत असायचा. आम्ही लग्नात जेवायला बसलो की हा मांडवाच्या झुंबराकडे बघत घास विसरायचा. त्याच्या हळदीला गाव रात्रभर नाचलं आणि नवरदेव हातापायाला हळद लावून डीजेच्या जनरेटरजवळ उभा राहून तो किती डिझेल खातो ते बघत होता, हे मी तिखटमीठ न लावता सांगतोय. या एका माणसाबद्दल तिखटमीठ लावायची मला गरजच पडली नाही.

आता त्याची मोजायची पद्धत. नव्या घराला वीज हवी तर अर्ज करावा लागतो आणि अर्जावर घरात काय काय वापरणार ते लिहावं लागतं. लोक लिहितात : दोन ट्यूब, दोन पंखे, एक टीव्ही. जसं काही साधूच राहायला येणार आहेत. मोरू अर्जावर विश्वास ठेवायचा नाही. रविवारी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून तो सुकापूरला जायचा आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींसमोर मान वर करून उभा राहायचा. बिल्डर लोक प्रत्येक बेडरूमच्या भिंतीत एसीसाठी चौकोनी भोक ठेवतात आणि तात्पुरतं प्लायवूड ठोकून बंद करतात. मोरू ती भोकं मोजायचा. "अर्ज खोटं बोलतो रं," तो म्हणायचा, "भिंत नाय बोलत." एकदा वॉचमनने हटकलं, काय पाहिजे म्हणून. मोरू शांतपणे म्हणाला, "काय नाय, भोकं मोजतोय." वॉचमनने तिथूनच मालकाला फोन लावला, "साब, दो आदमी आये हैं. एक पागल है, दूसरा उसको घुमाने लाया है." यातला दुसरा मी, असं माझं मत. मोरूचं मत वेगळं होतं.

पण सगळीच भोकं भिंतीत दिसत नाहीत. जी इमारत अजून शेतातच आहे तिची कशी मोजणार? तिथे माझं काम लागायचं. मी बर्फ विकतो, पण आमच्या भागात कोणाचं शेत कोणाला चाललंय ते तलाठ्याच्या आधी मला कळतं. महिन्यातून एकदा मोरू त्याची लांबट, काळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन कारखान्यात यायचा. "शेठ, तुज्या बाजूला काय येतंय?" शाळेपासून तो मला शेठच म्हणायचा, चिडवायला. आणि मी सांगायचो. आता आमच्याकडे आकडा हा माणसाच्या छातीप्रमाणे सांगायचा असतो. हळदीला चारशे जेवले तर हजार. विहीर वीस फूट तर साठ. दहा इमारती येणार असल्या तर मी तीस सांगायचो, आणि त्यातल्या एकीवर हेलिकॉप्टर उतरणार हेही. मोरू मान डोलवायचा आणि वहीत दहा लिहायचा. एकदा वही उघडी राहिली म्हणून मी डोकावलो. पानाच्या वर माझं नाव होतं आणि पुढे नीट अक्षरात : 'तीनने भागणे.' मी रागावलो. तो म्हणाला, "रागावतो काय? बाकी लोक कदी दुप्पट सांगतात, कदी निम्मं. तू एकटाच नेमका तिप्पट सांगतो. कंपनीत तुज्याएवडा भरवशाचा मानूस नाय." मला ते इतकं आवडलं की महिनाभर मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो.

मग ते बारा आले.

माझ्या चुलत भावाने सुकापूरच्या मागचं शेत एका बिल्डरला दिलं. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. नकाशा माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच टेबलावर पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार चहाचे ग्लास ठेवून. बारा इमारती. मी स्वतःच्या बोटाने मोजल्या. दोन दिवसांनी मोरू वही घेऊन आला. "काय येतंय, शेठ?" आणि आयुष्यात पहिल्यांदा, तो आकडाच मला इतका मोठा वाटला की त्यावर आणखी काही चढवायची माझी ताकद झाली नाही. मी म्हणालो, "बारा." मोरूने मान डोलवली आणि लिहिलं… चार.

मी बघत होतो. निळ्या शाईत, माझ्यापासून हातभर अंतरावर. माझं तोंड उघडलं होतं, 'अरे, हे खरं आहे' एवढे चार शब्द जिभेवर होते. पण त्याच क्षणी मला दुसरंही दिसलं. बारा लिहिले तर त्या बाजूला नवं सबस्टेशन लागणार. मोरू कितीदा बोलून गेला होता की तिकडे सगळी खाजणाची दलदल आहे. जड ट्रेलर आत नेता येईल अशी भरीव, रस्त्याला लागून एकच जागा आहे, आणि ती कारखान्याशेजारची माझी. त्या जागेवर मला सात मजले दिसत होते, आणि सर्वात वर, पुण्याहून दिसेल एवढ्या अक्षरात, माझं नाव. मी तोंड मिटलं, परत उघडलं आणि म्हणालो, "चहा सांगू?"

मी खोटं बोललो नव्हतो. पुढची तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. जन्मभर थापा मारल्या त्याने कोणाचं काही बिघडलं नाही, आणि एकदा खरं बोललो त्याने हे झालं.

बारा इमारती उभ्या राहिल्या. भोकांतलं प्लायवूड एकेक करून निघालं आणि तिथे यंत्रं बसली. मोरूचा चेहरा उतरू लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी पावणेसातला माझ्या कारखान्याच्या गच्चीवर यायचा. तिथून सुकापूर, नवीन पनवेल आणि पार हायवेपर्यंतचं सगळं दिसतं. एक प्लास्टिकची खुर्ची होती, एक पाय तुटलेली, त्याखाली वीट. त्यावर तो बसायचा आणि खिडक्या उजळताना बघायचा. लोकांना ते सुंदर वाटलं असतं. मोरू एकेक खिडकी लागली की श्वास रोखायचा, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसासारखा. "शेठ, कॉम्प्रेसर सात ते नऊ बंद ठेव," तो म्हणाला. मी म्हणालो, "माझ्या एका कॉम्प्रेसरने काय होणार आहे?" तो म्हणाला, "काय नाय होनार. तरी ठेव." मी ठेवला. का ठेवतोय ते मला माहीत होतं. त्याला माहीत नाही असं मला वाटत होतं.

एका संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर असतानाच त्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मी कोणाला सांगताना म्हणतो की कर्नाळ्याच्या पक्ष्यांना सकाळ झाल्यासारखं वाटलं. खरं एवढंच की एक धप् असा आवाज आला, जुन्या सबस्टेशनच्या बाजूला थोडा वेळ पिवळं दिसलं आणि मग अंधार आमच्या दिशेने इमारतीमागून इमारत चालत आला. मोरू उठला नाही. हळूच म्हणाला, "मोजन्यात काय चुकलं?" मला तोंड फिरवायलाही जागा नव्हती. तसाही अंधारच होता.

नवा ट्रान्सफॉर्मर यायला नऊ दिवस लागले. तोवर दोन तास इकडे, दोन तास तिकडे. लोक मुलंबाळं घेऊन गच्च्यांवर झोपले. माझ्या लाद्या अर्ध्या गोठून परत पाणी होत होत्या. उरणकडून मासळी घेऊन येणारी जनाबाई माझ्या दारात टोपली आपटून म्हणाली, "शेठ, सुरमई वास मारते आता. बर्फ नाय तर काय तुजी जीब ठेवू तिच्यावर? ती तरी कदी बंद नाय पडली." एरवी मी तिला तिप्पट ऐकवलं असतं. तिकडे मोरूच्या ऑफिसात एका बाईने फाटलेल्या दुधाच्या पिशव्या त्याच्या कागदांवर ओतल्या. त्याने कागद पुसले आणि वर न बघता म्हणाला, "बाई, चूक माझी हाय." साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्याने लेखी दिलं की अंदाज आपला चुकला. पुढे बढती गेली. वहिनींनी मला हे सगळं सांगितलं. तो स्वतः काहीच बोलला नाही.

दहाव्या दिवशी तो वही घेऊन गच्चीवर आला. खुर्चीवर बसला, पान उघडलं. "बबन," तो म्हणाला. शेठ नाही, बबन. "तू बारा बोलला होतास."

"हो."

"मी चार लिवले."

"हो."

पुढचं वाक्य मला ऐकू येत होतं, कारण गेली तीन वर्षं मीच ते स्वतःला ऐकवत होतो. पण मोरूने वही मिटली. खाली नऊ दिवस बंद पडलेल्या टाकीकडे बघत म्हणाला, "चहा सांग." त्याने हे मुद्दाम म्हटलं की सहज, ते मला आजपर्यंत कळलं नाही. मी चहा सांगितला. दोघांनी प्यायला. त्या चहाएवढं कडू मी काही प्यायलो नाही, आणि साखर, सांगतो, दोन चमचे होती.

त्यानंतरही तो येत राहिला. महिन्याला वही, संध्याकाळी गच्ची. सबस्टेशनच्या जागेचा शोध चालूच होता, कारण जागा हातात असल्याशिवाय कंपनी पुढे सरकत नव्हती. याने ती दलदलही पायाखाली घातली, गुडघाभर चिखलात. माझ्या जागेच्या कुंपणाला लागून तो रोज जायचा आणि एकदाही तिकडे बघायचा नाही. एवढं न बघणं सोपं नसतं. तो मागेल म्हणून मी वाट बघत राहिलो, म्हणजे मला नाही म्हणता आलं असतं, किंवा हो. तो मागतच नव्हता… अशी आमची वर्षं गेली, आणि दर मे महिन्यात गच्चीवर दोन माणसं एका तुटक्या खुर्चीशेजारी श्वास रोखून बसायची. एक पाच वर्षांनंतरच्या काळजीने, दुसरा मागल्या वर्षांच्या.

शेवटचा भेटला तो जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चार जिने चढून धाप लागलेली. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. म्हणाला, "जून लागला की दाखवतो. मे जाऊ दे." मग वही काढली. "शेठ, हायवेच्या पलीकडं काय येतंय?" जुनी सवय, मी म्हणालो, "साठ इमारती. दोन मॉल. हॉस्पिटल." माझ्याकडे पक्की खबर वीसची होती. त्याने लिहिलं. मी डोकावायला गेलो तर त्याचा हात पानावर आडवा होता. पहिल्यांदाच. मी खाली उतरलो तेव्हा तो वरच होता, खिडक्या बघत.

बाराव्याला वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. "तुमच्या नावाची पानं येगळी बांदलीत त्यांनी. तुमालाच द्यायची असतील." मी ती कारखान्यात आणली आणि तीन दिवस उघडली नाही. मी म्हणजे जो सापाच्या बिळात हात घालून साप बाहेर काढला असं सांगतो तो माणूस… वहीच्या पुठ्ठ्याला घाबरून बसलो.

बाराचं पान सापडलं. निळ्या शाईत चार. खाली काळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं : 'तो बघत होता. जागा जाईल म्हणून बोलला नाही. मीही विचारायला हवं होतं, खरं की नेहमीचं?' बस. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. त्याच काळ्या शाईत वरचं 'तीनने भागणे' एका सरळ रेघेने खोडलेलं. त्यानंतरचा माझा प्रत्येक आकडा त्याने जसाच्या तसा लिहिला होता. मी ठोकलेली प्रत्येक थाप. या माणसाने माझ्या फुशारकीवर पनवेलचं पुढचं नियोजन बांधलं की काय? पण समोर दुसऱ्या रकान्यात त्याने नंतर प्रत्यक्ष काय उभं राहिलं तेही लिहिलं होतं. तीस म्हणालो तिथे अठ्ठावीस. पन्नास म्हणालो तिथे बावन्न. आपलं गाव माझ्या थापांपेक्षा जोरात वाढत होतं आणि ते मला कळलंच नव्हतं. शेवटच्या नोंदीत, आडव्या हातामागे लपवलेल्या : 'साठ. कमी सांगतोय की काय, काळजी वाटते.'

त्यामागच्या पानावर पेन्सिलीने एक आराखडा होता. माझी जागा, मापासकट. सबस्टेशन कुठे, ट्रान्सफॉर्मर कुठे, कुंपण कुठे. कारखान्याकडच्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारून लिहिलं होतं : 'बर्फाचा टेम्पो वळायला एवढी जागा सोडणे.' आणि अगदी खाली, बारीक : 'मागायची नाही. स्वतः बोलला तरच.'

मी बोललो. पण ज्याच्याशी बोलायचं तो ऐकायला नव्हता. जागेचं पत्र घेऊन त्याच्या टेबलावर गेलो तेव्हा तिथे नांदेडकडची एक तरुण इंजिनियर बसली होती. तिने पत्र दोनदा वाचलं, मग भिंतीवरचा नकाशा बघितला, आणि विचारलं, "काका, त्या बाजूला अजून काय काय येतंय, तुम्हाला काही अंदाज?" मी तोंड उघडलं. आकडा जिभेवर तयार होता, चांगला गुबगुबीत. पण तिच्या हातात पेन होतं आणि ती भागाकार करणाऱ्यांतली दिसत नव्हती. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि हायवेच्या पलीकडे गेलो, एकटाच. पहिल्या इमारतीसमोर मान वर करून उभा राहिलो. वॉचमन आला, बघून गेला. एका बाजूला चव्वेचाळीस भोकं होती. विश्वास बसेना म्हणून पुन्हा वरून खाली मोजली. चव्वेचाळीसच. ऑफिसात जाऊन त्या इंजिनियर मुलीला चव्वेचाळीसच सांगितली, आणि बाकीच्या बाजू मोजायच्या राहिल्यात हेही.

संध्याकाळी सातला मी अजून कॉम्प्रेसर बंद करतो. वर जातो. तुटक्या खुर्चीच्या पायाखालची वीट तशीच आहे; मी खुर्चीवर बसत नाही, शेजारी उभा राहतो. खिडक्या एकेक लागत जातात… आणि सबस्टेशन उभं राहायला अजून दोन उन्हाळे आहेत.